एका काहिलीचं चुलवाण: हवा, जाळ आणि आधणाचा वेळ (प्रकल्प नोंदी)

गुऱ्हाळ करवीर तालुक्यातलं, एका काहिलीचं. काहील (रस आटवायची मोठी कढई) लोखंडी पत्र्याची, वरचा व्यास साडेआठ फूट, खोली दीड फूट. एका आधणाला (एका वेळी आटवायच्या रसाला) १००० लिटर रस. धुराडं विटांचं, जमिनीपासून ३० फूट. चुलवाण (काहिलीखालची भट्टी) जमिनीत, जाळ घालायचा खड्डा पूर्वेला. गुळाचा रंग न बिघडवता आधणाचं सरपण आपल्याच चिपाडात (रस काढून उरलेल्या उसात) बसवायचं, एवढंच काम हाती घेतलं आहे.

१६ ऑक्टोबर

आधी हिशेब. १००० लिटर रस, ब्रिक्स २० (शंभर भाग रसात विरघळलेले २० भाग, मुख्यतः साखर), म्हणजे वजन १०८० किलोच्या आसपास. गूळ उतरेपर्यंत त्यातलं साधारण ८३० किलो पाणी वाफ होऊन जायला हवं. रस उकळीला आणायला ३०० मेगाज्यूल आणि पाणी उडवायला १८७० मेगाज्यूल, मिळून सुमारे २१७० मेगाज्यूल उष्णता रसात शिरली पाहिजे. १२ टक्के ओलीचं वाळलेलं चिपाड किलोला १५ मेगाज्यूलच्या आसपास देतं. काहीच वाया गेलं नाही तर १४५ किलो पुरेल. अर्थात तसं चुलवाण कुणी बांधलेलं नाही.

आता दुसरी बाजू. चरकाचा उतारा (उसाच्या वजनातून निघणारा रस) ६० टक्के धरला तर एवढ्या रसाला १८०० किलो ऊस लागतो. त्याचं ओलं चिपाड ७२० किलो, निम्मं पाणीच. वाळवून हाती येतं ४१० किलो. म्हणजे चुलवाणाची कार्यक्षमता ३५ टक्क्यांवर गेली तर सरपण विकत घ्यावं लागणार नाही. जुन्या पद्धतीचं चुलवाण तिथवर पोचत नाही, म्हणून लाकूड आणावं लागतं आणि काही ठिकाणी टायरसुद्धा जळतात. टायरच्या काजळीचा थर काहिलीच्या बुडाला बसला की पुढच्या आधणाला सरपण आणखी जास्त लागतं, हा हिशेब मात्र कुणी मांडत नाही.

१९ ऑक्टोबर

चुलवाणाला हात लावण्याआधीची मापं. चिपाड काट्यावर तोलून घातलं. एका आधणाला ६२० किलो आणि रस ओतल्यापासून काहील उतरेपर्यंत ३ तास १० मिनिटं. कार्यक्षमता २३ टक्के.

धुराड्याच्या बुडाशी के-टाइप थर्मोकपल (तापमान मोजायची तार) बसवलं आणि भाड्याने आणलेल्या धूर-तपासणी यंत्राची नळी त्याच भोकातून आत सोडली. धुराचं तापमान ४०० अंशांवर, ऑक्सिजन बहुतेक वेळ १४ टक्के. साध्या हवेत २१ टक्के असतो. १४ भागिले (२१ वजा १४) केलं की उत्तर येतं २, म्हणजे जळायला लागते त्यापेक्षा २०० टक्के जास्त हवा आत येते आहे. ही फुकट हवा ४०० अंशांपर्यंत तापवून धुराड्यातून सोडायची हाच या चुलवाणाचा मोठा धंदा. धुराड्यावाटे एकूण सरपणातली ४० टक्क्यांहून जास्त उष्णता जाते.

ओढ (धुराडं किती जोराने हवा खेचतं ते) मोजायला विकतचं यंत्र लागत नाही. फळीवर १० ला १ अशा उतारावर ५ मिमीची पारदर्शक नळी ठोकली, खालचं टोक रुंद बाटलीत, पाण्यात जरा कुंकू. वरच्या टोकाला धुराड्यातून आलेली तांब्याची नळी जोडली. ओढ १ मिमी वाढली की पाणी नळीत १० मिमी सरकतं. धुराडं तापल्यावर ४ मिमी दिसली. ३० फुटी धुराड्याला ती पुष्कळ आहे.

२१ ऑक्टोबर

हवा कुठून घुसते याचा शोध. मंद जाळ ठेवून उदबत्ती सगळीकडून फिरवली. काहिलीच्या काठाशी धूर थेट आत ओढला जातो, विशेषतः पश्चिमेला धुराड्याच्या बाजूने. तिथे काठ आणि विटा यांच्यात बोटभर फट आहे. काहील दर आधणाला उचलली जाते, त्यामुळे लेप दर वेळी निखळतो. धुराड्याच्या मानेला उभी चीर आहे, तीही ओढते.

पण खरं भगदाड म्हणजे चुलवाणाचं तोंड. दीड फूट बाय दीड फूट आणि दिवसभर उघडं. तिथून येणारी गार हवा जाळीखालून येतच नाही, जाळावरून सरळ काहिलीच्या बुडाखाली जाते आणि बूड गार करते. राखेचा खड्डाही सताड उघडा. हवेवर ताबा ठेवायचा तर आधी ती ठरल्या वाटेनेच आली पाहिजे. त्याआधी झडपा बसवणं व्यर्थ.

२६ ऑक्टोबर

बांधकाम. जाळी बदलली: बिडाच्या कांबी, २५ मिमी रुंद, मधली फट १२ मिमी. जुन्या जाळीची फट २० मिमी होती, अर्धवट जळलेलं चिपाड खाली राखेत पडायचं. १० मिमीपेक्षा कमी फट ठेवली तर राख अडकते. जाळी ३ बाय ४ फूट, काहिलीच्या बुडापासून ३ फूट खाली. चिपाडाची ज्वाळा लांब असते, तिला ही उंची लागतेच. लाकडाच्या हिशेबाने जाळी वर घेतली तर ज्वाळा बुडाला आपटून विझते आणि काजळी धरते.

कांबींना टोकाशी १० मिमी जागा सोडली. बीड तापून वाढतं. जागा नसेल तर कांबी कमानीसारख्या उठतात.

जाळीच्या मागे उंबरा: भट्टीच्या विटांची आडवी भिंत, वरच्या कडेपासून काहिलीच्या बुडापर्यंत २० सेंमी मोकळी जागा. उंबऱ्याशिवाय ज्वाळा सरळ धुराड्याकडे पळते. उंबरा तिला वर, बुडाला घासून जायला लावतो. जागा १५ सेंमी करून बघू नये. पुरा जाळ असताना धूर मागे फिरून तोंडातून बाहेर येतो.

विटा फायरक्लेत लावल्या, सांधा ३ मिमीपेक्षा जाड नाही. सिमेंट कुठेही नाही, ते पहिल्याच आठवड्यात भुसभुशीत होतं.

२८ ऑक्टोबर

तीन ठिकाणी झाकणं. तोंडाला ६ मिमी पत्र्याचं झापड, वरून बिजागरीवर लोंबतं, मागे वजन. चिपाड आत ढकललं की उघडतं, हात काढला की आपोआप मिटतं. राखेच्या खड्ड्याला सरकतं दार, पाव, अर्धं, पूर्ण अशा तीन खाचा. धुराड्याच्या मानेत, जिथे आतली जागा ४५ बाय ४५ सेंमी आहे, ८ मिमी पत्र्याची वर-खाली सरकणारी झडप, अँगलच्या खाचेत. तारेची दोरी, कप्पी आणि लोंबतं वजन, म्हणजे खड्ड्यात उभ्या असलेल्या माणसाला ती हलवता येते.

झडपेच्या खालच्या कडेला ५ सेंमी उंचीचा काप मुद्दाम ठेवला आहे. पूर्ण खाली आली तरी अकरा टक्के वाट उघडी राहते. जाळ घालायचा खड्डा जमिनीखाली आहे. झडप घट्ट मिटली तर कार्बन मोनॉक्साइड तिथेच साठेल आणि त्याला वास नसतो. हा काप कुणीही बुजवायचा नाही.

काठाच्या लेपात पांढरी माती, चाळलेली राख आणि शेण समान भाग. त्याखाली आता सिरॅमिक दोरी, २५ मिमी. काहील उचलली तरी दोरी जागेवर राहते, लेप फक्त वरून फिरवायचा.

४ नोव्हेंबर

नवं बांधकाम वाळवलं. रोज सकाळ-संध्याकाळ थोडासा जाळ, काहिलीत पाणी, दार पाव उघडं. घाई करून पहिल्याच दिवशी पुरा जाळ घातला तर ओलीची वाफ विटांचे टवके उडवते.

७ नोव्हेंबर

पहिली आधणं. ऑक्सिजन १४ वरून ६ वर आला, पण धुराड्यातून काळा धूर. चिपाड तापलं की त्याचा बहुतेक भाग आधी वायू होऊन वर उठतो, जाळीवर निखारा थोडाच उरतो. जाळीखालून कितीही हवा दिली तरी ती निखाऱ्याला मिळते, वर उठलेल्या वायूला नाही. त्याला वरून हवा हवी.

पुढच्या भिंतीत जाळीच्या वर ३० सेंमीवर दोन इंची नळ्या, थोड्या खाली झुकवून. आधी सहा बसवल्या. धूर काळ्याचा करडा झाला, थांबला नाही. हिशेब केला तर एवढ्या ओढीला सहा नळ्यांतून एकूण हवेच्या जेमतेम १५ टक्के येते. बारा केल्यावर पाव भागाच्या पुढे गेली आणि धूर जवळजवळ दिसेनासा झाला. नळ्यांच्या तोंडाला लाकडी बुचं. लाकूड जाळताना यातल्या निम्म्या बंद ठेवायच्या.

९ नोव्हेंबर

यंत्राने जे दाखवलं ते जाळ घालणाऱ्या गड्याला दाखवणं महत्त्वाचं होतं. मोठा भारा एकदम आत लोटला की ऑक्सिजन मिनिटभरात २ वर येतो, धूर काळा होतो. मग चार मिनिटं सगळं जळून जातं आणि ऑक्सिजन १५ वर चढतो, तेव्हा नुसती हवा तापते. सरासरी मात्र ८ दिसते, म्हणून सरासरीवर विसंबू नये. दर ४५ सेकंदांनी एक कवळा, एकदा डाव्या, एकदा उजव्या कोपऱ्यात, असं घातलं की काटा ७ ते ९ च्या मध्ये राहतो. गड्याला दम लागतो हे खरं, पण एका आधणात ६० किलोचा फरक याच एका गोष्टीने पडला. चुलवाणावर लोखंडाचा खर्च करण्याआधी ही सवय लावून बघावी.

१५ नोव्हेंबर

झडपेच्या खुणा. सरकत्या झडपेचं गणित सरळ नसतं. निम्मी खाली आणली तरी ओढ फारशी कमी होत नाही. शेवटच्या तिसऱ्या हिश्श्यात मात्र बोटभर हलवली तरी जाळ बदलतो. म्हणून खुणा उंचीवर न करता नळीतल्या पाण्यावर केल्या: झडपेपुढे चुलवाणात ३ मिमी, २ मिमी, १ मिमी ओढ राहील तिथे दोरीला रंगाची गाठ.

आधणाचा क्रम असा ठरला आहे. रस ओतला की पहिली अर्धी वाट मध्यम जाळ, गाठ २ वर. ८० ते ८५ अंशांना मळी (रसातला गाळ) वर येते. भेंडीचं पाणी त्याआधी पडलेलं असतं. या टप्प्यावर रस उकळू द्यायचा नाही, नाहीतर मळी फुटून परत रसात मिसळते आणि मग कितीही झारे फिरवा, गूळ गढूळच. गुळव्या (गूळ करणारा कारागीर) मळी काढत असतो तेव्हा गाठ १ वर आणि चिपाड बंद.

मळी निघाली की गाठ ३, राखेचं दार पूर्ण, जाळ पुरा. पाणी उडवायचं ते इथेच. इथे जाळ कमी ठेवून आधण लांबवणं हा सरपणाचा आणि रंगाचाही तोटा आहे, कारण रस जितका वेळ तापत राहतो तितकी साखर तुटते आणि रंग काळपटतो.

१०५ अंशांना पाक फेस धरतो. काकवी काढायची असेल तर इथेच, १०५-१०६ ला. पुढे जायचं असेल तर गाठ २ आणि फेसावर शेंगदाण्याच्या तेलाचे चार थेंब. ११२ ला चिपाड पूर्ण बंद, राखेचं दार बंद, गाठ १. वरच्या नळ्या उघड्याच. राहिलेला वायू त्यांच्या हवेवर जळून जातो. विटांत साठलेल्या उष्णतेवर पाक आठ-दहा मिनिटांत ११८ ला पोचतो.

हे ११२ सकाळच्या पहिल्या आधणाला चालत नाही, विटा गार असतात. तिथे ११४ पर्यंत जाळ लागतो. दुपारनंतर विटा भरपूर तापलेल्या, तेव्हा ११० लाच थांबावं. या चार अंशांत गूळ करपतो किंवा मऊ राहतो. करपलेल्या गुळाचा रंग मग हायड्रोसने (रंग उडवणाऱ्या रसायनाने) उडवायचा मोह होतो. तो मोह इथल्या झडपेवरच संपवता येतो.

गुळव्याचा हात अजून थर्मामीटरच्या पुढे आहे. पाण्यात टाकलेल्या पाकाची गोळी ताटावर आपटून तो जो टण आवाज ऐकतो, तो आणि ११८ अंश यांत फरक पडला तर थर्मामीटर तपासायचं. एकदा तेच दोन अंश कमी दाखवत होतं, कारण टोकावर पाकाचा थर बसला होता.

१९ नोव्हेंबर

भडका. काहील वाफ्यावर (गूळ गार करायच्या जागी) रिकामी होत असताना झडप खाली होती, जाळीवर अर्धवट जळलेलं चिपाड. नवा रस आल्यावर झापड उघडताच तोंडातून हातभर ज्वाळा बाहेर आली. कुणाला इजा नाही. कारण साधं आहे: हवा नसताना सरपण धुमसत राहतं, वायू साठतो, दार उघडल्यावर हवा मिळते आणि सगळं एकदम पेटतं. आता क्रम भिंतीवर रंगवला आहे: आधी धुराड्याची झडप वर, मग वीस आकडे मोजायचे, मग राखेचं दार, शेवटी तोंड. आणि चिपाड बंद केल्यावर जाळीवरचं सगळं जळून गेल्याशिवाय झडप शेवटपर्यंत खाली आणायची नाही.

काहील उचललेली असताना झडप खालीच हवी, हेही तितकंच खरं. त्या सात-आठ मिनिटांत चुलवाण वरून उघडं असतं आणि ओढ चालू राहिली तर विटांची सगळी उष्णता धुराड्यात जाते.

२५ नोव्हेंबर

ढगाळ हवा, चिपाड वाळलेलं नाही. पांढरा दाट धूर, धुराचं तापमान २५० च्या खाली, आधण लांबलं. अशा वेळी गडी दार आणखी उघडतो. त्याने जाळ आणखी गार होतो. ओलं सरपण असेल तर हवा कमी करून थर पातळ ठेवायचा.

ओल मोजायची सोपी रीत: गंजीच्या पोटातून ५०० ग्रॅम चिपाड घ्यायचं, धुराड्याच्या बुडाशी पत्र्यावर रात्रभर ठेवायचं, सकाळी तोलायचं. ४४० ग्रॅम भरलं तर ओल १२ टक्के. ४०० च्या खाली गेलं तर ती गंजी अजून उन्हात हवी. पसरलेल्या चिपाडाचा थर वीतभरापेक्षा जाड नको आणि दव पडायच्या आत गोळा करायचं.

२ डिसेंबर

लाकूड मिसळून बघितलं, कारण तूट अजून आहे. बाभळीचे सहा इंची ओंडके निरुपयोगी. ते ११२ अंशांना विझत नाहीत. चिपाड थांबवलं की दोन-तीन मिनिटांत जाळ पडतो, पण ओंडक्याचा निखारा पाऊण तास फुललेला असतो आणि पाक त्याच्या हातात जातो. मनगटाएवढ्या जाडीच्या, दोन फुटी फाट्या केल्या तर तो वेळ निम्म्यावर येतो. नियम ठेवला आहे: फाट्या फक्त रस ओतल्यावर पहिल्या पाऊण तासात, १०० अंशांनंतर एकही नाही.

लाकडाला जाळीखालची हवा जास्त लागते, चिपाडाला वरची. मिसळून जाळताना वरच्या सहा नळ्यांना बुचं, राखेचं दार पूर्ण. फाट्या जाळीच्या पुढच्या बाजूला उभ्या-आडव्या मोकळ्या रचायच्या, खच्चून भरलं तर आतला भाग नुसता धुमसतो.

११ डिसेंबर

जाळीवर काचेसारखे खडे धरले, हवेची वाट अडली, ओढ तीच असूनही जाळ मंद. उसाबरोबर आलेली माती आणि चिपाडातला पोटॅश वितळून हे बनतं. जाळीच्या मध्यावर, जिथे थर जाड असतो तिथेच जास्त. दोन आधणांमध्ये लोखंडी खुरपणीने जाळी फोडून घ्यायची आणि चिपाड मातीवर न पसरता ताडपत्रीवर किंवा सारवलेल्या खळ्यावर पसरायचं. काहिलीच्या बुडाची काजळी आठवड्यातून एकदा खरवडतो. पहिल्या महिन्यात थर कागदाएवढाच होता, काळा धूर थांबल्याचा तो फायदा.

राख काढायला खड्ड्यात उतरायचं ते सकाळी, जाळ लागण्याआधी, झडप पूर्ण वर करून.

१८ डिसेंबर

पुन्हा तोलून घातलं. आधणाला ४५० किलो, वेळ २ तास ३५ मिनिटं, ऑक्सिजन ८ टक्के, धूर ४३० अंश. कार्यक्षमता ३२ टक्के. धूर आधीपेक्षा गरम आहे आणि तरी तोटा कमी, याने बघायला येणारे गोंधळतात. धूर गरम असला तरी त्याचं वजन निम्म्याच्या जवळ आलं आहे. नुसतं तापमान बघून चुलवाणाची परीक्षा करू नये.

८ जानेवारी

धुराड्याच्या मानेआधी, धुराच्या वाटेवर ६ बाय ३ फुटांची काहील बसवली. पुढच्या आधणाचा रस तीत थांबतो आणि २८ वरून ६० अंशांवर येतो. तेवढ्याने आधणाला २५ किलो चिपाड वाचतं, आता ४२५ च्या आसपास. ६५ च्या पुढे तापू द्यायचा नाही, नाहीतर मळी तिथेच सुटायला लागते आणि काढायला तिथे माणूस नसतो. ही काहील रिकामी कधीच ठेवायची नाही. रस नसेल तर पाणी. मोकळा पत्रा दहा मिनिटांत वाकतो.

हिच्यामुळे धूर गार झाला आणि ओढ ४ वरून साडेतीनवर आली. गाठ ३ ची खूण त्यामुळे जरा वर सरकवावी लागली.

१४ फेब्रुवारी

तूट आता आधणाला १५ किलो. तेवढ्यासाठी पाचट जाळायची सूचना आली, पण पाचट सरीत कुजवलेलीच बरी. शिवाय ती क्षणात जळते आणि हलकी राख काहिलीत उडते. १५ किलो बाभळीच्या फाट्या, पहिल्या पाऊण तासात, असंच चालू ठेवतो. चरकाच्या लाटांतलं अंतर कमी करून उतारा ६० वरून ६२ वर नेला तर सरपण वाढत नाही, उलट चिपाड कमी होतं. तरी ते कोरडं निघतं आणि लवकर वाळतं, म्हणून ते काम पुढच्या हंगामाआधी करायचं आहे.

जाळीच्या मधल्या चार कांबी वाकल्या, त्या उलट्या करून बसवल्या. हंगाम संपल्यावर बदलायच्या. सिरॅमिक दोरी पश्चिमेला झिजली आहे, तीन मीटर मागवायची. झडपेच्या खाचेत काजळी धरते, अँगल दोन मिमी बाहेर सरकवून बसवायचे. पावसाळ्यात धुराड्यावर पत्र्याची टोपी आणि झडप पूर्ण वर, म्हणजे विटांतली ओल निघून जाईल.